सातारा ते सांगली, आकाशमार्गे

सातारा ते सांगली हे अंतर विमानाने अडतीस मिनिटांचं आहे. हिशेब सोपा आहे. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलाईवरून त्यांच्यातली सर्वांत जवळची रेघ काढायची. ती सुमारे ११० किलोमीटर भरते. प्रवासी विमान ताशी ८०० किलोमीटरने गेलं तर एवढ्याला आठ मिनिटं पुरतात. चढण्या-उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास त्यात मिळवायचा. झाली अडतीस मिनिटं. जगातल्या कुठल्याही दोन गावांचं हे गणित असंच करतात. त्या गावांत विमानतळ आहे का, ही चौकशी करण्याची गणिताला गरज पडत नाही.

मला हे उत्तर भाच्याने दिलं. तो बंगळूरला असतो आणि कुठल्याही गावाचं नाव निघालं की आधी विमानाची वेळ बघतो. माझं माहेर सातारा, शनिवार पेठ. सासर सांगली, गावभाग. माहेरी जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून माझी लगबग सुरू होते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं.

"आत्या, अडतीस मिनिटं फक्त! तू उगाच एवढा बाऊ करतेस."

"अरे, पण विमान उतरवशील कुठं? साताऱ्यातल्या चार भिंतीच्या टेकडीवर?"

"ते तू बघ," म्हणाला, आणि फोन ठेवला. मग मी खरंच बघायला बसले.

साताऱ्यात धावपट्टी नाही. अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याला उतारावर वसलेलं गाव ते, सपाट जागेची तिथे पहिल्यापासून चणचण. जिल्ह्यात विमान उतरू शकेल अशी जागा आहे ती कराडजवळ, वारुंजीला. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५च्या सुमारास ती बांधली गेली. धरण १९६४ साली पुरं झालं, धावपट्टी मागे राहिली. अधूनमधून एखाद्या मंत्र्याचं विमान, कधी शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं, एवढीच तिची वर्दळ. ती वाढवायचा विषय निघाला की आसपासचे बागायतदार शेतकरी विरोधात उभे राहतात. बारमाही पाण्याखालची काळी जमीन धावपट्टीला द्यायला कुणाचा हात पुढे होईल? आणि समजा ती वाढवली, तरी सातारकराला तिथे पोहोचायला पन्नासेक किलोमीटर जमिनीवरून यावं लागणार. म्हणजे सांगलीची जवळजवळ निम्मी वाट त्याने मोटारीतच संपवलेली असेल. पुढच्या निम्म्या वाटेसाठी तो विमानात बसेल?

नियमित विमानं जिथून सुटतात ती जवळची ठिकाणं दोन. साताऱ्याच्या माणसाला पुण्याचं लोहगाव, सांगलीच्या माणसाला कोल्हापूरचं उजळाईवाडी. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. तेव्हा सातारकराने सांगलीला विमानानेच जायचा हट्ट धरला तर त्याने आधी उत्तरेला सव्वाशे किलोमीटर पुण्याला जावं, तिथून उडून सातारा आणि सांगली ही दोन्ही गावं ओलांडत कोल्हापुरात उतरावं, आणि तिथून पन्नासेक किलोमीटर मागे सांगलीला यावं. तेवढ्या वेळात त्याचा चुलतभाऊ एस.टी.ने सांगलीला जाऊन, जेवून, परतीच्या गाडीत बसलेला असेल.

अर्धा तास मिळवायचा तो तरी खरा कुठे! मोठ्या प्रवासी विमानाला आपल्या ठरलेल्या उंचीवर पोहोचायलाच वीसेक मिनिटं लागतात. साताऱ्याहून नाकासमोर निघालेलं विमान पुरतं वर चढेपर्यंत सांगली मागे पडून ते कर्नाटकात रायबागच्या पलीकडे गेलेलं असेल. एवढ्या कमी अंतराची विमानसेवा जगात नाही असं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये तीन किलोमीटरही अंतर नाही, आणि तिथे छोटं विमान दोनेक मिनिटांत माणसं नेऊन सोडतं. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण म्हणून त्याची नोंद आहे. शिक्षक, डॉक्टर त्यातून ये-जा करतात. पण तिथे मध्ये समुद्र आहे, आणि त्या समुद्राला वारा सुटला की होडी जात नाही. आमच्या मध्ये ऊस आहे.

सांगलीला मात्र विमानाची हौस आहे आणि ती मला हसण्यावारी न्यायची नाही. तासगाव रस्त्यावर, सांगलीपासून दहाएक किलोमीटरवर कवलापूर लागतं. तिथे एका जुन्या धावपट्टीची जागा आहे आणि तिथे विमानतळ व्हावा यासाठी वर्षानुवर्षं निवेदनं, बैठका, आंदोलनं चालू आहेत. निवडणूक आली की विमानही येतं. कवलापूर हे गाजरांसाठी नावाजलेलं गाव आहे, हा निव्वळ योगायोग. मी त्यावर काही बोलत नाही. हे गाव तमाशाचंही. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ इथलेच. ‘जहरी प्याला’ या वगामुळे काळू-बाळू हे नाव त्यांना असं चिकटलं की खरी नावं गावाबाहेर फारशी कुणाला आठवत नाहीत. विमान कवलापूरला आलं नाही, पण कवलापूरचा फड ट्रकमध्ये बसून उभा महाराष्ट्र हिंडून आला. आणि उडायची जिद्द म्हणाल तर शेजारच्या जिल्ह्यातही काही कमी नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान जुळवलं आणि २०१६ साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं. गच्चीवर विमान बांधणाऱ्याला ते खाली कसं आणायचं हा प्रश्न आधी पडायला हवा होता असं शहाणे म्हणतील. शहाण्यांनी आजवर किती विमानं बांधली?

सांगलीकराला विमान हवं ते मुंबई-दिल्लीला जायला. हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्याची, मिरजेत उपचाराला येणाऱ्या लांबच्या रुग्णाची ती रास्त गरज आहे. साताऱ्याला जायला विमान हवं, असं मात्र सांगलीत अजून कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

भाच्याच्या गणितातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ती रेघ. पट्टी घेऊन मी ती नकाशावर ओढली. साताऱ्यातून आग्नेयेला निघते, कृष्णा ओलांडते, कराड उजवीकडे ठेवते आणि मग जिथून जाते तो मुलूख बघून मी पट्टी तिथेच धरून बसले. देवराष्ट्रे. सागरेश्वर. कुंडल. किर्लोस्करवाडी. रेघ यांच्या अगदी जवळून जाते. काहींच्या तर डोक्यावरूनच. आठ मिनिटांच्या हिशेबात हा सगळा टापू एका मिनिटात मागे पडतो. खिडकीशी बसलेल्या माणसाने पाण्याची बाटली उघडून बंद करेपर्यंत.

या एका मिनिटाखाली काय काय आहे? देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ. १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म तिथला. शालेय शिक्षण कराडचं, समाधी कराडच्या प्रीतिसंगमावर. आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात आणि कराड सातारा जिल्ह्यात. ते जन्मले तेव्हा दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती. शेजारी सागरेश्वरचे डोंगर. ते बोडके होते. धों. म. मोहित्यांनी माणसं जमवून तिथे झाडं लावली, हरणं आणून सोडली, आणि १९८५ साली त्याचं अभयारण्य झालं. माणसाच्या हातांनी उभं केलेलं जंगल. जरा दक्षिणेला किर्लोस्करवाडी. औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिलेल्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली वसलेली. लोखंडी नांगर घडवणारं गाव माळावर का उभं राहिलं, याचं एक उत्तर रुळांत आहे: शेजारून रेल्वे जात होती.

आणि कुंडल. इथे पट्टी उचलून ठेवावी लागते. बेचाळीसच्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच गावांतून चाललं. न्यायदान करत होतं, सावकाराला आणि दरोडेखोराला धाक घालत होतं, हुंडा न घेता लग्नं लावत होतं. त्याच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ आणि जी. डी. बापू लाड, दोघेही कुंडलचे. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराची रक्कम घेऊन जाणारी रेल्वेगाडी अडवली आणि सरकारी पैसा लढ्यासाठी काढून घेतला. शेणोली आमच्या रेघेच्या थोडं पश्चिमेला, सातारा-सांगलीच्या रुळांवर. आजही गाडी तिथून जाते. पुढच्याच महिन्यात, २४ जुलैला, वसंतदादा पाटील सोबत्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले आणि तटावरून उडी टाकून कृष्णेच्या दिशेने धावले. गोळ्या सुटल्या, साथीदार पडले, दादा जखमी झाले.

या लोकांना अंतर वेगळ्या तऱ्हेने कळत होतं. एक पाऊल पुढे टाकलं की इंग्रजांचा सातारा जिल्हा, दोन पावलं बाजूला गेलं की औंध संस्थान, तिसऱ्या पावलाला सांगली नाहीतर मिरज संस्थान. कुंडल औंधात होतं. औंधच्या राजाने १९३९ सालीच प्रजेला स्वराज्याची घटना दिलेली. इंग्रजांच्या पोलिसाला जिथे हद्द संपली म्हणून थबकावं लागे, तिथे भूमिगताला हद्द लागली म्हणून हायसं वाटे. दोन गावांमधलं अंतर किती, यापेक्षा त्यांच्यामध्ये कुणाची हद्द आहे हा प्रश्न मोठा होता.

माझे सासरे, अण्णा, तासगाव तालुक्यातले. तासगावहून सांगली पंचवीसेक किलोमीटर. पण सांगली पटवर्धनांची, संस्थानी. तासगाव खालसा मुलखात, म्हणजे जिल्हा सातारा. जमिनीचा तंटा मोठ्या कचेरीत गेला की त्यांचे वडील दारातली सांगली सोडून शंभरावर किलोमीटर साताऱ्याला जात, पिठलं-भाकरी बांधून. पुढे १९४८ साली संस्थानं विलीन झाली आणि १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले: उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके दक्षिणेत गेले, त्यांना सांगली-मिरजेचा मुलूख आणि जत येऊन मिळाले. दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं ते २१ नोव्हेंबर १९६० रोजी. अण्णांचा शाळेचा दाखला मधल्या वर्षांतला. त्यावर निळ्या शाईत ‘जि. दक्षिण सातारा’ असं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा कुणीतरी बायकांत कुजबुजलं, सून साताऱ्याची, तिला इकडचं वळण कसं लागायचं. अण्णांनी कपाटातून दाखला काढला.

"पोरी, तू काही परजिल्ह्यातली नव्हेस. हे बघ, आमचाबी साताराच."

बायका गप्प झाल्या. दाखला पुन्हा कपाटात गेला. सांगलीत राहून अण्णा शेवटपर्यंत मनाने दक्षिण सातारकर राहिले. जिल्ह्याचा विषय निघाला की ते आधी साल विचारत.

आता जमिनीवरून जायचं कसं ते सांगते, कारण विमानाला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यात आहे. सातारा कृष्णेच्या उजव्या तीरावर आणि सांगली डाव्या. कृष्णा एकदा ओलांडल्याशिवाय या गावातून त्या गावात जाता येत नाही. कुठे ओलांडायची एवढंच आपल्या हातात. रेल्वेने गेलात तर आरंभीच ओलांडता. साताऱ्याचं स्टेशन साताऱ्यात नाही, ते माहुलीला, कृष्णेपलीकडे, गावापासून सहा-सात किलोमीटरवर. कृष्णा-वेण्णेच्या संगमापाशी, जिथे थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, पूल ओलांडायचा, माहुलीच्या स्टेशनवर गाडीत बसायचं, आणि मग सांगलीपर्यंत नदी उजव्या हाताला. कधी दिसते, कधी नुसती झाडांच्या रांगेवरून कळते. १८८०च्या दशकात ही वाट दक्षिण मराठा रेल्वेने मीटरगेजची म्हणून घातली. १९७१च्या सुमारास रूळ रुंद झाले. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर. मग कराड, तेही कराडात नाही, ओगलेवाडीला, जिथल्या काचकारखान्याच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात दोन-तीन पिढ्यांनी अभ्यास केला. शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, चितळ्यांच्या दुधाची भिलवडी, येरळेवरचा पूल, नांद्रे, माधवनगर. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वंदे भारत हे साधारण पावणेदोन तासांत संपवते, पॅसेंजर मात्र मनावर घेईल तेव्हा. माझं मत विचाराल तर पॅसेंजर बरी. वंदे भारतच्या काचा उघडत नाहीत, आणि मसूरच्या पुढे गुऱ्हाळाचा वास बंद काचेतून आत येत नाही.

रस्त्याने गेलात तर नदी शेवटी ओलांडता. साताऱ्याहून महामार्गाने उंब्रज, तासवड्याचा टोलनाका, कराडला कोयना, मग पेठ नाका. इथे कोल्हापूरची वाट सोडून डावीकडे वळायचं. आमच्या भागातल्या प्रत्येक माणसाच्या आयुष्यातले काही तास पेठ नाक्यावर गाडीची वाट बघण्यात गेलेले आहेत. पेठ ते सांगली हा रस्ता म्हणजे एका पिढीची कंबर. नवरी सासरी पोहोचेपर्यंत अंगावरच्या हळदीचा रंग उतरतो, अशी आमच्याकडे त्या रस्त्याची ख्याती होती. आता काम झालंय, होतंय, होईल, अशा तीन काळांत तो एकाच वेळी असतो. आष्टा मागे पडलं की सांगलीवाडी, आणि सांगलीवाडीच्या टोकाला कृष्णा.

उसाचा हंगाम सुरू झाला की हे अंतर लांबतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, बाजूला लोंबणारी वाढी, आणि टेपवर जोरात गाणं. सह्याद्री, कृष्णा, राजारामबापू, वसंतदादा. एका कारखान्याची रांग संपते तिथे दुसऱ्याची सुरू. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सातारा-सांगली किती तासांचं आहे हे विचारू नये. आमच्या अर्थकारणाला वेग आहे तो बैलगाडीहून जरासा जास्त, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ऊस जागेवर राहण्यापेक्षा माणूस थोडा उशिरा पोहोचलेला बरा.

एका वेळी मात्र मिनिटं मोजावीच लागतात. सातारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गावांत कुणी "मिरजेला नेलंय" म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही. १८९४ साली डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय काढलं तेव्हापासून दुखणं हाताबाहेर गेलं की मिरज, हे या मुलखाने ठरवून टाकलेलं आहे. त्या रुग्णवाहिकेला अडतीस मिनिटं मिळाली तर हवीच आहेत. ती विमानतळावरून मिळायची नाहीत. खड्डे बुजलेला रस्ता, ट्रॉलीच्या मागे लाल दिवा, आणि रेल्वेच्या फाटकावर पूल, एवढ्याने त्यांतली बरीच मिळतील. विमानाच्या आंदोलनाला जेवढी माणसं जमतात त्याच्या निम्मी ट्रॉलीच्या दिव्यासाठी जमली असती तर, असं मला पुष्कळदा वाटतं.

आमच्या दोन गावांमधला सर्वांत जुना प्रवासी अजून राहिला: पाणी. महाबळेश्वरला पडलं, कोयनेच्या खोऱ्यात पडलं की ते कराडला एकत्र होतं आणि सांगलीला यायला निघतं. १०५ टी.एम.सी.चं कोयना धरण भरत आलं, दरवाजे वर गेले, की सांगलीत लोक घड्याळ बघू लागतात. साताऱ्याहून माझ्या भावाचा फोन येतो. तो खुशाली विचारत नाही.

"ताई, इकडं थांबंना झालाय. कोयनेतनं सोडलंय. तुमच्याकडं बघा."

इथे आम्ही ते फुटांत बघतो. आयर्विन पूल १९२९ सालचा, कृष्णेवरचा. त्याच्या खांबावरच्या खुणा ही सांगलीची पोथी आहे. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. पावसाळ्यात सांगलीतला माणूस दुसऱ्याला भेटला की "आयर्विनला किती?" एवढंच विचारतो, आणि दुसरा नुसता आकडा सांगतो. ऑगस्ट २०१९मध्ये तो आकडा ५७च्या पुढे गेला. गावभागातल्या आमच्या घरात पाणी जिना चढून वर आलं. आम्ही आधीच विश्रामबागेत एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. सांगलीवाडीचा रस्ता पाण्याखाली, पेठेकडे जायची वाट बंद. भाऊ पलीकडून म्हणत होता, इकडं निघून या. निघायचं कुठून? त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, येरळा आणि कृष्णेच्या संगमापाशी, पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. आमच्या आगगाडीच्या वाटेवरचं गाव ते. हेलिकॉप्टर त्या दिवसांत सांगलीवर घिरट्या घालताना आम्ही पाहिलं. त्याला साताऱ्याहून यायला किती मिनिटं लागली असतील ते आम्हाला विचारायचं सुचलं नाही. पाणी एका फुटाने उतरायला किती तास लागतात हे मात्र त्या आठवड्यात मुलांनाही पाठ झालं.

भाच्याला हे सगळं मी सांगितलं नाही. त्याला एवढंच सांगितलं की दिवाळीला येताना कोल्हापूरला उतर, काका घ्यायला येतील. सांगलीला विमानतळ व्हावा, कवलापूरच्या जागेचं एकदा काय ते ठरावं, अशी माझीही इच्छा आहे. पण सातारा-सांगली या वाटेवर विमानाचं काही काम नाही, आणि असलंच तर ते रस्त्याच्या, रुळांच्या आणि धरणाच्या दरवाजांच्या नंतर.

तुम्ही साताऱ्याहून आमच्याकडे येणार असाल तर दिवसाची गाडी धरा आणि उजवीकडची खिडकी घ्या. हंगामात मोटारीने येत असाल तर दिवे लागायच्या आत पेठ नाका सोडा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आधी इथल्या कुणालाही फोन करून आयर्विनला किती आहे ते विचारून घ्या.